चौथा रकाना

आमच्या बिल्डिंगमधल्या पोरांचा एक खेळ होता. एकाने स्वतःचं नाक चिमटीत धरायचं आणि दुसऱ्याने त्याच्यासमोर उभं राहून ओरडायचं, "भरा, भरा, भरा! आता फुंका! अजून, अजून, अजून, अजून... खलास!" ज्याचा श्वास आधी संपेल तो हरला. दोह्याच्या बिन महमूद भागातल्या त्या पाच मजली इमारतीत केरळची पोरं होती, इजिप्तची होती, फिलिपिनो होती, आणि ही सगळी पोरं हे अस्सल मराठीत ओरडायची. शिकवलं होतं बेट्टीने.

बेट्टी डाबरे माझ्या समोरच्या फ्लॅटमध्ये एकवीस वर्षं राहिली. वसईची, निर्मळच्या बाजूची. बुटकी, गोल चेहऱ्याची, आणि आवाज असा की लिफ्टमध्ये तिने कुणाला 'गुड मॉर्निंग' म्हटलं की तिसऱ्या मजल्यावर आमचे हे झोपेतून उठायचे. नोकरी इथल्या एका हॉस्पिटलात, श्वासाची तपासणी करायची. माणसाला खुर्चीत बसवायचं, नाकाला चिमटा लावायचा, तोंडात नळी द्यायची आणि छातीतली सगळी हवा जोर करून बाहेर काढायला लावायची. लोक लाजतात, अर्ध्यात सोडून देतात, म्हणून ओरडावं लागतं. सत्तावीस वर्षं ती ओरडली. अरबी, बंगाली, नेपाळी, मल्याळम, कितीतरी भाषांतलं तिला एवढं एकच वाक्य येत होतं, आणि ते ती अशा काही थाटात म्हणायची की समोरच्याला वाटावं, ही आपल्याच गावची.

लग्न केलं नाही. कारण विचारलं तर म्हणायची, "दिवसभर पुरुषांवर ओरडते, त्याचा पगार मिळतो. घरी येऊन फुकट कोण ओरडेल?"

गेल्या मार्चमध्ये तिला साठ पूर्ण झाली आणि ती वसईला परत गेली. आता समोरच्या दारावर भाड्याची पाटी आहे. लिफ्टमध्ये सकाळी इतकी शांतता असते की मला ती सोसत नाही. मी कोल्हापूरची, मला भांडायला आणि हसायला समोर माणूस लागतं. ते गेलं. म्हणून हे लिहायला बसले.

तिच्या हॉलमध्ये एकच फोटो होता. येशूचं चित्र आत अल्तारावर, म्हणजे तिच्या देव्हाऱ्यात, असायचं, बाहेर भिंतीवर मात्र पपा. सबॅस्टियन डाबरे, बँडच्या लाल कोटात, हातात ट्रम्पेट. दिवसा केळीच्या वाडीत पाणी लावणारे, लग्नसराईत बँडवाले. या पपांची एक गोष्ट मी शंभरदा ऐकली असेन, आणि शंभर वेळा हसलेय. नवरी गाडीतून उतरली की पपांनी एक सूर धरायचा आणि तिचा पाय चर्चच्या पायरीला लागेपर्यंत तो सोडायचा नाही, अशी त्यांची पैज असायची. एका लग्नात नवरीची आई वाटेतच रुसून उभी राहिली. तिला कुणी पुढे हो म्हणेना. पपांनी सूर सोडला नाही. चेहरा लाल, डोळे बाहेर आलेले. शेवटी फादर स्वतः धावत आले आणि त्या बाईला म्हणाले, "अगो बाई, चल आता, सबॅस्टियनचा जीव घेतेस काय!"

"एवढा वारा होता माझ्या पपांच्या छातीत," बेट्टी म्हणायची, आणि दोन्ही हात पसरून दाखवायची. बुटक्या बाईचे हात ते, कितीसे पसरणार? पण मला तो वारा दिसायचा.

आता तिच्या मशीनबद्दल थोडं सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. मला जेवढं कळलं तेवढं सांगते. तुम्ही किती हवा फुंकली ते मशीन मोजतं. पण तेवढ्याने काही ठरत नाही. तुमच्या वयाच्या, तुमच्या उंचीच्या माणसाने किती फुंकायला हवी हेही मशीनला माहीत असतं, आणि तुमचा आकडा ते त्याच्याशी ताडून बघतं. शंभरातले ऐंशी किंवा वर आले तर कागदावर छापून येतं, 'नॉर्मल'. खाली आले तर डॉक्टर बोलावतात. यासाठी सुरुवातीला चार रकाने भरावे लागतात. वय, उंची, बाई की पुरुष, आणि चौथा, वंश. बेट्टीच्या पहिल्या मशीनवर त्यासाठी खरोखरचं बटण होतं. पुढे पडद्याची मशीनं आली तरी ती त्याला 'चौथं बटण'च म्हणायची. ते 'भारतीय' वर दाबलं की मशीन अपेक्षाच पंधरा टक्क्यांनी खाली आणायचं.

मी एकदा तिच्याकडे फुंकलं होतं. शहाण्णव आले. मी खूश. पुढे बराच काळ आमच्या ह्यांना ऐकवत होते की मी शहाण्णव आहे.

इथल्या मेडिकल कॉलेजची मुलं दर वर्षी तिच्या खोलीत प्रॅक्टिकलला यायची. प्राध्यापक पुस्तकातलं शिकवायचे, पण नळी कशी धरायची आणि माणसाला कसं फुंकायला लावायचं हे बेट्टीकडूनच. पंधरा वर्षं तिने त्यांना घोकवून घेतलं, "पेशंट बसायच्या आधी चार रकाने! चौथा विसरलात तर माझा चांगला माणूस आजारी दिसेल!" मुलं हसायची आणि लिहून घ्यायची.

आणि तिला त्या बटणाबद्दल खरंच माया होती. कंपन्या आपले कामगार वर्षातून एकदा तपासणीला पाठवतात. आपली माणसं त्याला तपासणी म्हणत नाहीत, 'पास होणं' म्हणतात. नापास झालेल्याच्या डोळ्यांपुढे थेट विमानच उभं राहतं. बेट्टी मला म्हणायची, "हे बटण नसतं ना बबी, तर माझी निम्मी मुलं घरी गेली असती."

या 'मुलां'मध्ये एक होता बाजीराव. वय बेचाळीसच्या आसपास, सांगली जिल्ह्यातल्या जत तालुक्यातला. इंडस्ट्रियल एरियातल्या एका वर्कशॉपमध्ये दगड कापायचा. मार्बल, ग्रॅनाइट, स्वयंपाकघरातल्या ओट्यांचे ते चकचकीत कृत्रिम पत्थर. पहिल्या वर्षी खुर्चीत बसला तेव्हा बेट्टीने ओरडायला तोंड उघडलं आणि सवयीने मराठीच बाहेर पडलं. हा नळी काढून म्हणाला, "आवं ताई, तुमी आपल्यातल्या व्हय?" तेव्हापासून ती त्याची ताई. रजेवरून परत आला की लक्ष्मीबाईंनी, म्हणजे त्याच्या बायकोने, कुटलेली शेंगदाण्याची चटणी दोन पुड्यांत बांधून आणायचा. एक ताईची, एक माझी. माझी पुडी जरा लहान असायची, हे मी बघून ठेवलंय.

एका शुक्रवारी त्याने आम्हा दोघींना दोह्याशेजारच्या नव्या शहरात, लुसैलला नेलं. बावीस-तेवीस सालची गोष्ट, मी पहिल्यांदा ट्राममध्ये बसले ती त्याच दिवशी. एका टॉवरच्या लॉबीत जमिनीवर आठ पाकळ्यांचं मोठं फूल होतं, तीन रंगांच्या दगडांचं, आणि ते बाजीरावने कापलं होतं. गार्डने आत सोडलं नाही. मग आम्ही तिघं बाहेरून काचेला नाक लावून बघत उभे राहिलो. "सांध्यात नख जात न्हाई," तो म्हणाला. "मधली पाकळी दोनदा फुटली, तिसऱ्यांदा बसली." बेट्टीने त्या काचेतून सतरा फोटो काढले, सगळ्यांत आमचीच तोंडं दिसत होती. ती दुपार मला अजून आठवते. आम्ही किती हलके होतो.

तर बेट्टी जायच्या दोन महिने आधी, जानेवारीत, मालविका आली. डॉक्टर मालविका, त्या मेडिकल कॉलेजात शिकवते. आईवडील पुण्याचे, पण पोरगी दोह्यातच वाढली. बारा-तेरा वर्षांपूर्वी तीही बेट्टीच्या खोलीत चार रकाने घोकून गेली होती. बेट्टीच्या हॉलमध्ये आम्ही तिघी चहा पीत होतो. मालविकाने कप खाली ठेवला आणि म्हणाली, "आंटी, चौथा रकाना आपण काढतोय. नवीन सिलॅबसमध्ये नाही. जगभर काढतायत."

"काढतायत म्हणजे?"

"म्हणजे ते चूक होतं. बेसिकली राँग. आणि रेसिस्ट."

मग तिने सांगितलं. पावणेदोनशे वर्षांपूर्वी अमेरिकेत एक डॉक्टर होता, गुलाम राबवणाऱ्यांच्या बाजूचा. असल्याच यंत्राने त्याने काळ्या गुलामांचा श्वास मोजला. तो कमी भरला. तो म्हणाला, यांची फुप्फुसं मुळातच कमी, राबणं हेच यांचं औषध. हे लोक खातात काय, झोपतात कुठे, कापसाच्या धुळीत किती तास असतात, हे त्याला विचारावंसं वाटलं नाही. तो विचार एका पुस्तकातून दुसऱ्यात गेला, तिथून यंत्रात गेला. वाटेत कुणीतरी आपल्यासाठीही वजा करायचा एक आकडा ठरवला.

मला पटलं. एखाद्या शिंप्याने माप न घेताच 'तुमच्या गावची माणसं बारीकच' म्हणून कापड कमी कापावं, तसं हे. पण बेट्टीचा चेहरा बघण्यासारखा झाला होता.

"त्या तुझ्या गुलामवाल्याशी माझं काय नातं?" ती गरजली. "मी माझ्या माणसांना वाचवलंय! आता तुम्ही बटण काढा, आणि पाठवा सगळ्यांना घरी!"

"आंटी, ज्याची छाती खरंच बिघडतेय त्याला तुम्ही नॉर्मल म्हणालात, तर तो वाचला का?"

बेट्टी उठून स्वयंपाकघरात गेली. मालविकाने मला हळूच सांगितलं की नव्या पद्धतीचं पहिलं प्रॅक्टिकल बेट्टीनेच घ्यावं आणि आधी काय शिकवलं जात होतं तेही तिनेच मुलांना सांगावं, असं तिला वाटतं. "रिटायर होण्याआधी. दुसरं कुणी सांगितलं तर ती फक्त हिस्टरी होईल." मी म्हटलं, आज नको बाई, आज चहाचा कप तुझ्या अंगावर आला नाही हेच पुष्कळ.

दोन दिवस बेट्टी बोलली नाही. एकवीस वर्षांत असं झालं नव्हतं. तिसऱ्या दिवशी तिनेच हाक मारली. वसईहून सुकेळी आली होती, वाळवलेली केळी. ती पानाचं वेष्टण सोडवत होती आणि माझ्याकडे न बघता सांगत होती.

मुंबईत ती हे काम शिकत होती तेव्हाची गोष्ट. तेव्हा यंत्रात ड्रम फिरायचा, पेन रेघ काढायचं, आणि बाकीचं हाताने. भिंतीवर एक तक्ता, त्यातून अपेक्षित आकडा घ्यायचा आणि त्यातले पंधरा टक्के कापायचे. सरावासाठी प्रत्येकीने आपलं एक माणूस आणायचं होतं. बेट्टीने पपांना आणलं. ते इस्त्रीचा शर्ट घालून, जणू कुणाच्या लग्नाला यावं तसे एस.टी.ने आले. बावन्न वर्षांचे, पाच फूट सहा इंच. फुंकले. साडेचार लिटरच्या वर, चार पूर्णांक सहा. तक्त्यातला न कापलेला गोऱ्यांचा आकडा घेतला तरी एकशे आठ भरत होते.

शिकवणारे सर म्हणाले, नळी बदल. बदलली. पुन्हा तेवढेच. सर म्हणाले, बँडवाला आहे, अपवाद आहे, हा कागद धरायचा नाही. आणि शेऱ्याच्या जागी 'अपवाद' लिहून त्यांनी तो टोपलीत टाकला.

"परत जाताना एस.टी.त पपा म्हणाले, बाय, तक्त्यातला आकडा कापून तू लहान लिहिलास, तो कशाला? मी सांगितलं, तो गोऱ्यांचा असतो पपा. आपल्याला तेवढं लागत नाही." बेट्टीने सुकेळ्याचा तुकडा तोडला, पण खाल्ला नाही. "आधी हसले. मग म्हणाले, आणि आपला भास्कू? तो क्लॅरिनेट वाजवतो. आणि डोक्यावर भाजीची पाटी घेऊन पळतात त्या बायका? सगळे अपवाद काय? मी म्हटलं, पपा, सर शिकलेले आहेत. मग ते खिडकीबाहेर बघत बसले. त्यानंतर कधी मी म्हटलं ना, या, तुमचा श्वास बघते, तर कधीच आले नाहीत. मरेपर्यंत."

फोटोतले पपा लाल कोटात हसत होते. मला तेव्हा त्यांच्याकडे बघवलं नाही.

नेमका तेव्हाच बाजीरावचा फोन आला. नवीन काँट्रॅक्ट आलं होतं. पुढच्या गुरुवारी सही करायची. दोन वर्षं परत कापायच्या मशीनवर, किंवा त्याला हवं तर यार्डात, मालाच्या मोजणीवर. यार्डात त्याला जायचं नव्हतं. तिथे फूल कापायला मिळणार नव्हतं. "थोडा खोकला हाय, पर औंदा बी पास हाय न्हवं मी? मग तुमी सांगाल तसं, ताई."

बेट्टीने त्याला सगळे जुने कागद पाठवायला सांगितले. कोविडमध्ये दोन वर्षं कुणी फुंकलंच नव्हतं, म्हणून सात कागद. सातही त्याने प्लास्टिकच्या पिशवीत जपून ठेवले होते. फोटो आले. सत्त्याण्णव, पंच्याण्णव, त्र्याण्णव, नव्वद, अठ्ठ्याऐंशी, शहाऐंशी, पंच्याऐंशी. प्रत्येकाखाली 'नॉर्मल' आणि बेट्टीची सही. दर वर्षी ती एकच कागद बघायची, सात एकदम कधी पाहिले नव्हते. मालविकाने दिलेल्या नव्या हिशेबाने, म्हणजे ना गोऱ्यांचा ना कापलेला, सगळ्या जगासाठी एकच सरासरी आकडा धरून, तिने टेबलावर बसून ते पुन्हा काढले. शेवटचा आला सत्त्याहत्तर. शेवटचे तीनही ऐंशीच्या खाली होते.

"तीन वर्षं," ती म्हणाली. "तीन वर्षं बबी, मी त्याला सांगत होते, जा, काप."

शुक्रवारी मी गाडी काढली आणि आम्ही बरवा अल बराहाला गेलो. कामगारांच्या त्या वसाहतीबाहेर गाडी लावली. बाजीराव करकचे, म्हणजे इकडच्या कडक दुधाळ चहाचे, तीन कप घेऊन आला आणि मागच्या सीटवर बसला. क्रिकेट चाललं होतं, आरडाओरडा ऐकू येत होता. बेट्टीने मागे वळून त्याला सगळं सांगितलं. एवढी आवाजी बाई, पण त्या दिवशी मलाच कान द्यावा लागला.

तो आधी हसला. "ताई, थट्टा करताय व्हय?"

"नाही रे."

"मंजी सात येळा माझी छाती तुमी कुणाच्या मापानं मोजली?"

"आपल्या."

"आपलं माप बारीक कुनी केलं?"

त्याने कप खाली ठेवला. आवाज चढला तसा त्याला खोकला आला, आणि तो थांबेपर्यंत आम्ही दोघी रस्त्याकडे बघत राहिलो. "मी लक्ष्मीला दर साली फोन करून सांगायचो, पास झालो, छाती बैलाची हाय म्हून. आता गुरुवारी सही हाय आन् तुमी मला ह्ये सांगताय? कंपनीला कळलं तर? ताई, पोटावर पाय देऊ नका. तुमी सांगितलं न्हाई, मी ऐकलं न्हाई. खलास."

दार आपटून तो गेला. चहा तसाच. परत येताना बेट्टी रडली. मी तिला आधी कधी रडताना पाहिलं नव्हतं. समजूत काढायची म्हणून मी म्हटलं, अगं, तू मशीन थोडंच बनवलंस. ती म्हणाली, "गप्प बस, बबी."

सोमवारी तिचं प्रॅक्टिकल होतं. मी रजा टाकून तिला घेऊन गेले आणि मागच्या बाकावर बसले. तीसेक मुलं, पांढरे कोट. मालविका एका कोपऱ्यात उभी. बेट्टी इंग्रजीतून बोलली, साधंच. म्हणाली, पंधरा वर्षं मी या खोलीत एक चूक शिकवली, मोठ्या आवाजात शिकवली, आणि कुणी विसरलं तर रागावले. मग तिने मुलांना त्या गुलामांबद्दल सांगितलं, तक्त्याबद्दल सांगितलं, आणि नाव न घेता एका दगड कापणाऱ्याबद्दल.

पुढच्या रांगेतली एक मुलगी चांगुलपणानेच म्हणाली, "पण मॅडम, तुम्ही तर फक्त मॅन्युअल पाळत होता."

बेट्टीने हातातली नळी टेबलावर ठेवली. मग म्हणाली, "माझ्याकडे मॅन्युअल होतं, आणि माझ्याकडे माझे वडील होते. मी मॅन्युअल धरलं."

मग तिने डोळे पुसले, टाळी वाजवली आणि नेहमीच्या आवाजात ओरडली, "यल्ला, चला, पहिला कोण फुंकतोय?" सगळी मुलं दचकली. मला इतकं बरं वाटलं की काय सांगू.

बाजीरावचा फोन मात्र नाही. मंगळवारही गेला. बेट्टी सारखा मोबाइल उलटा-सुलटा करत होती. तिला भीती होती की तो सही करून मोकळा होईल, आणि दोन वर्षांनी कुठल्याशा वॉर्डात नळी लावून पडेल.

बुधवारी दुपारी तो हॉस्पिटलात आला. वर्कशॉपच्या कपड्यांतच, केसांवर पांढरी धूळ, हातात ती प्लास्टिकची पिशवी. बेट्टीने मला नंतर सांगितलं, तो सरळ खुर्चीत बसला आणि स्वतःच नाकाला चिमटा लावला. मग म्हणाला, "लक्ष्मीला सांगितलं. ती म्हनली, फूल दुसरा कुनी बी कापंल, तुमाला कुठून आनू? मोजा ताई. पर पुऱ्या मापानं मोजा."

तिने तीन रकाने भरले. चौथा आता पडद्यावर नव्हताच. "भरा, भरा, भरा," ती म्हणाली, पण आवाज चढेना. मग त्यानेच नळी काढून तिला सांगितलं, "वरडा ताई. तुमी वरडल्याशिवाय माझा वारा निघत न्हाई." मग ती ओरडली. कॉरिडॉरमधली माणसं बघायला आली म्हणे.

शहात्तर आले. यावेळी तिने नुसता आकडा पाठवला नाही. छातीच्या डॉक्टरांकडे त्याला स्वतः घेऊन गेली, बाहेर बसून राहिली. त्यांनी विचारलं, काय कापतोस, पाणी मारून कापता का, तोंडावर काय बांधतोस. सात तपासण्यांत हे कुणी विचारलं नव्हतं. एक्स-रेमध्ये धुळीचे बारीक ठिपके निघाले. डॉक्टर म्हणाले, सुरुवात आहे, धूळ सुटली तर हा माणूस पुष्कळ वर्षं चालेल. तसं पत्र दिलं. गुरुवारी बाजीरावने यार्डाच्या कागदावर सही केली. त्याला घरी पाठवलं नाही. पण तो खूश झाला असं मी म्हणणार नाही. हातातली कला काढून त्याच्या हातात मोजणीची वही दिली होती. पुढे महिनाभर तो आमच्याकडे फिरकला नाही, आणि चटणीही आली नाही.

बेट्टी जायच्या आदल्या शुक्रवारी तो आला. घर खोक्यांत बांधलेलं, फोटो तेवढा भिंतीवर होता. त्याने पिशवी टेबलावर ठेवली. "ह्ये सात कागद. माझ्याच्यानं फाडवत न्हाईत, आन् घरी बी ठेवायचे न्हाईत. तुमचंच अक्षर हाय. तुमीच काय ते करा."

बेट्टीने पेन घेतलं. आमच्यासमोर बसून तिने सातही कागदांवर छापलेल्या आकड्यावर रेघ मारली, शेजारी खरा आकडा लिहिला आणि त्या दिवसाची तारीख घालून पुन्हा सही केली. शेवटच्या तीन कागदांवरचं 'नॉर्मल' तिने खोडलं. हळूहळू, एकेक. बाजीराव बघत होता. सातवा झाल्यावर त्याने नुसती मान हलवली, आणि खिशातून शेंगदाण्याच्या चटणीची पुडी काढून टेबलावर ठेवली. एकच होती, ताईची.

मला वाटलं संपलं. पण तिने खोक्यातून एक कोरा फॉर्म काढला, हॉस्पिटलचा जुना, चार रकान्यांचा. वरती नाव लिहिलं, सबॅस्टियन डाबरे. वय बावन्न. उंची पाच फूट सहा इंच. पुरुष. चौथा रकाना तिने मोकळा सोडला. लिटरच्या जागी लिहिलं, चार पूर्णांक सहा. पस्तीस-छत्तीस वर्षं तो आकडा तिच्या डोक्यात होता, तिला कुठे बघावं लागलं नाही.

शेऱ्याच्या जागी तिचं पेन थोडं थांबलं. तिने भिंतीकडे पाहिलं. मग तिने लिहिलं, 'नॉर्मल', आणि खाली सही केली.